धागा: आठशे रुपयांत पंक पोशाख, सोलापुरात जमेल का?

उसवलेली शिवण | ३ जानेवारी, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचीच, पूर्व भागातली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. २४ तारखेला आमचं गॅदरिंग आहे आणि आम्हा चौघांना स्टेजवर बारा मिनिटं मिळाली आहेत. गाणी तीन, आमचीच, मराठीतली. एकेक गाणं दोन मिनिटांत संपतं. उरलेली सहा मिनिटं गिटारची वायर नीट लावण्यात जातील.

अडचण कपड्यांची आहे. पंक, म्हणजे त्या वेगवान, रांगड्या रॉक संगीतवाल्यांचा पोशाख करायचाय आणि हातात आठशे रुपये आहेत, बुटांसकट. ऑनलाइन बघितलं तर नुसतं टोकदार टिकल्या ठोकलेलं जॅकेट साडेतीन हजारांच्या पुढे. नवी पेठेत चार दुकानं फिरले. एका काकांनी "भाड्याने मिळेल, झाशीची राणी पाहिजे की भारतमाता?" असं विचारलं.

घरात आहे ते असं: एक जुनी जीन्स, भावाचा शाळेचा पांढरा शर्ट, आईचं पायाचं शिलाई मशीन, आणि अव्वा, म्हणजे आजी. घरात आम्ही तेलुगू बोलतो. अव्वा जुन्या साड्यांच्या बोंता शिवते, तुमच्या भाषेत गोधड्या. तिचा हात मशीनपेक्षा सरळ चालतो.

काय, कुठून घेऊ? केस कापणार नाही हे आधीच सांगते. त्यावर घरात तह झालाय.

बे दुणे | ३ जानेवारी, रात्री ११:५८

काय करलालीस गं? आठशेत आजकाल बरी लुंगी येत नाही.

अवांतर: मराठीत पंक म्हणजे चिखल. पंकात उगवतं ते पंकज. तेव्हा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी होम मैदानावर एखादा टँकर गळका निघाला की जाऊन लोळ. पोशाख तयार, आठशे शिल्लक.

जुनी मिल | ४ जानेवारी, सकाळी ७:१५

बे दुणे, विनोद बरा आहे, आणि नकळत खरंही बोलून गेलास.

मुली, माझं वय आता साठीकडे झुकलंय. कॉलेजात असताना पुण्याला एका मित्राकडे पंकच्या कॅसेटी ऐकल्या. कॉपीवरून केलेली कॉपी, गाणं कमी आणि खरखर जास्त. त्या वेळी वाटलं, कॅसेट खराब आहे. नंतर मूळ रेकॉर्डिंग ऐकलं, तेही तसंच होतं.

तू "कुठून घेऊ" असं विचारलंस, म्हणून थोडं मागचं सांगतो. ज्या पोशाखाचे आज साडेतीन हजार मागतात तो मुळात पैसे नसलेल्यांचा. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल नावाचा गायक फाटके शर्ट पिना लावून घालायचा. माल्कम मॅकलॅरन नावाच्या लंडनच्या दुकानदाराने ते पाहिलं आणि ती कल्पना घरी नेली. तो आणि व्हिव्हियन वेस्टवुड मिळून लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरचं दुकान चालवत. १९७६-७७ च्या आसपास तिथे पट्टे आणि साखळ्यांच्या विजारी, उसवलेले स्वेटर, छापील शर्ट मिळत. आणि ते स्वस्त अजिबात नव्हते! बेकार पोरं दुकानाच्या काचेतून बघायची आणि घरी येऊन आपल्याच शर्टाला कात्री लावायची. मला विचारशील तर पंक दुकानात जन्मलं नाही, त्या काचेच्या बाहेर जन्मलं.

तिकडे न्यूयॉर्कच्या रामोन्स बँडचा गणवेश म्हणजे चामडी जॅकेट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणि कापडी बूट. बस. केसांचा उभा तुरा, ज्याला सगळे पंक समजतात, तो खरा माजला १९८० च्या आसपास, दुसऱ्या पिढीत. तेव्हा केस न कापण्याचा तह बिनदिक्कत पाळ, इतिहास तुझ्या आईच्या बाजूने आहे.

एक नाव मात्र लक्षात ठेव: पॉली स्टायरीन. लंडनची मुलगी, वडील सोमालियाचे. १९७६ मध्ये तिने बँड काढला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दातांना तारा, अंगात भडक प्लास्टिकचे कपडे. किंग्ज रोडवरच्या बाजारात ती स्वतः जमवलेल्या कपड्यांचा स्टॉल लावायची. काळं चामडं हाच पंक, असं कुणी सांगितलं तर तिचा फोटो दाखव.

सात रस्ता | ४ जानेवारी, सकाळी ९:०३

फाटके कपडे घालून नाचायचं आणि त्याला संस्कृती म्हणायचं. लोक अंग झाकायला कापड विणतात, या शहराचं पोट त्यावर चालतं. इथे चांगलं कापड फाडून मिरवणं म्हणजे विणकराच्या तोंडावर मारणं आहे. स्पष्ट लिहिलं, राग मानू नये.

उसवलेली शिवण | ४ जानेवारी, दुपारी १:२०

@जुनी मिल, काका, पॉली स्टायरीन ऐकली. क्लासला उशीर झाला.

@सात रस्ता, राग नाही. माझे आजोबा मागावर होते, बाबाही. आमच्या घरात कापडाची चिंधी सुद्धा फेकत नाहीत. म्हणूनच नवीन घेऊन फाडणार नाही, जुनंच घेते.

मशीनमास्तर | ४ जानेवारी, रात्री १०:३०

बत्तीस वर्षं गणवेश शिवतोय. सोलापूरचे शाळेचे युनिफॉर्म कुठे कुठे जातात ते सांगायला नको. पंक-बिंक मला कळत नाही, कापड कळतं. तेवढंच बोलतो.

पहिली गोष्ट. भावाचा शाळेचा शर्ट टेरीकॉट असणार, म्हणजे पॉलिस्टर जास्त. तो काळा रंगवायला जाऊ नको. घरगुती रंगाची पुडी सुती कापडावर चढते, पॉलिस्टरवर नाही. त्याला वेगळा रंग लागतो आणि बंद भांड्यात १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, ते डाईंगवाल्याचं काम. घरी पातेल्यात टाकलास तर कळकट राखाडी शर्ट आणि काळं पातेलं, दोन्हीसाठी बोलणी खाशील. आपलं कापड कुठलं ते बघायचं असेल तर आतल्या शिवणीतून दोन धागे काढ, चिमट्यात धर, जाळ. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास आणि भुसभुशीत राख. पॉलिस्टर वितळून टणक काळा मणी होतो. हात लावू नको, चटका बसतो.

दुसरी. जीन्सला ब्लीचचे शिंतोडे द्यायचे मनात असेल तर आधी तिच्यात स्ट्रेच आहे का बघ. ब्लीचने लायक्रा मरतो, गुडघ्याला पोतं होतं. पूर्ण सुती असेल तरच कर. काळ्या जीन्सवर डाग पांढरा येत नाही, तांबूस येतो, ते छान दिसतं.

तिसरी. फाडायचं असेल तर कात्रीने भोक पाडू नको. तो भिकारीपणा दिसतो, पंकपणा नाही. गुडघ्यावर आडव्या दोन चिरा दे, मधले निळे उभे धागे सुईने एकेक ओढून काढ. पांढरे आडवे राहतात, जाळीसारखे. वेळ जातो, पण धुतलं तरी भोक पळत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना उलट टाके घाल.

कडक भाकरी | ५ जानेवारी, सकाळी ८:४०

मास्तरांना +१. मी औषधाच्या दुकानात असते म्हणून ब्लीचबद्दल पुढचं मी सांगते.

गच्चीवर कर, मोरीत नको. हातमोजे घाल. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबू असलं काहीही मिसळू नको. "जोर यावा म्हणून" टाकणारे महाभाग पाहिलेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो, थेट छातीत बसतो. रंग हवा तेवढा उडाला की लगेच भरपूर पाण्यात खळबळून काढ, नाहीतर कापड पुढे आपोआप कुजतं.

आणि कानात, नाकात, ओठात सेफ्टी पिन टोचायची नाही. फोटोतल्या अर्ध्या पिना नुसत्या अडकवलेल्या असतात. तुझ्या कानाला टोचलेलं असेलच, त्याच भोकात साधी रिंग घाल आणि रिंगेत पिन लटकव. काम झालं.

केसांना काळी मेंदी किंवा डाय लावणार असशील तर दोन दिवस आधी कोपराच्या आत थोडं लावून बघ. काहींना अशी खाज सुटते की गॅदरिंग डॉक्टरकडेच होतं.

बे दुणे | ५ जानेवारी, सकाळी ९:१०

केस उभे करायला पूर्वी ते लोक अंड्याचा पांढरा भाग, साखरेचं पाणी, साबण असलं लावायचे म्हणे. साखरेचं पाणी मी शाळेत असताना लावलं होतं. वर्गात बसलो होतो आणि मुंग्यांची रांग बाकावरून माझ्याकडे. अंडं लाव. वासाने पहिल्या तीन रांगा मोकळ्या होतील, स्टेजवरून छान दिसेल.

ब्रेकफेल | ५ जानेवारी, दुपारी ३:२५

ताई, माझा रिक्षा-टेम्पोच्या सीट कव्हरचा धंदा आहे. चामडं विसर. खरं परवडत नाही, खोटं दोन पावसाळ्यांत सोलून निघतं. सीट कव्हरवाल्याकडे जा आणि रेक्झिनचे उरलेले तुकडे माग. आमच्याकडे पोतंभर पडलेले असतात, दहा-वीस रुपयांत मूठभर देतो कुणीही. दोन इंच रुंद पट्टी कापायची, टोकांना टिचबटण ठोकून घ्यायचं, मनगटपट्टा झाला. गळ्यालाही तसाच.

टिकल्यांचं म्हणशील तर ऑनलाइन 'स्पाइक' म्हणून शोधू नको, महाग पडतं. चप्पल-पर्सच्या सामानाच्या दुकानात रिपीट माग. आम्ही रिपीटच म्हणतो, डबीवर काय लिहिलंय ते सोड. बोथट, गोल डोक्याचे असतात. पन्नासेक रिपीट साठ-सत्तर रुपयांत. आधी आरीने भोक पाड, खाली लाकडाचा ठोकळा ठेव, हातोडी हळू मार. ठोकायचं जमलं नाही तर चौकातल्या मोच्याकडे जा, तो चहा पिता पिता बसवून देईल.

साखळी हार्डवेअरच्या दुकानात, कुत्र्याची. दोन प्रकार येतात. पातळ घे. जाड घेतलीस तर तिसऱ्या गाण्यापर्यंत पँट खाली.

उसवलेली शिवण | ५ जानेवारी, रात्री ११:१५

तुम्ही सगळे भारी आहात. आज बूट मिळाले. एनसीसीतल्या एका सीनियरने जुने कवायतीचे डीएमएस बूट दीडशेला दिले. एक नंबर मोठे आहेत, दोन मोजे घालीन. पॉलिश नाही, टाच घासलेली, म्हणजे पाहिजेत तसेच.

उद्यापासून जीन्स. मास्तरांच्या पद्धतीने.

जुनी मिल | ६ जानेवारी, सकाळी ६:५०

बूट छान. त्यावर एनसीसीचा, पोलिसांचा, सैन्याचा कुठलाही बिल्ला किंवा पट्टी मात्र लावू नको. उगाच नसता ताप.

दुसरी एक सूचना, आणि ही गंमत नाही. जुने फोटो शोधताना तुला १९७६-७७ च्या काही पोरांच्या दंडावर नाझींचं वाकडं चिन्ह दिसेल. मोठ्यांना डिवचायला घालायचे, अक्कल नव्हती. त्याच चळवळीतल्या लोकांनी मग वंशद्वेषाविरुद्ध उभं राहून ती घाण धुतली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात क्लॅश वगैरे बँड त्यासाठीच वाजले. नक्कल करायची तर त्या दिवसाची कर.

उसवलेली शिवण | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

घात झाला.

तीन रात्री जागून जीन्स केली. गुडघ्यावर दोन्हीकडे जाळी, गच्चीवर ब्लीचचे शिंतोडे, मागच्या खिशाला बारा पिना. वाळत घातली आणि कॉलेजला गेले. दुपारी बोहारीण आली. आईला वाटलं, हिचा उपयोग संपला. जीन्स गेली. आई म्हणते, "फाटकी म्हणून घेतच नव्हती, मी भांडून द्यायला लावली."

बदल्यात स्टीलची एक वाटी आली आहे. चांगली आहे. जड आहे.

बे दुणे | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:०९

बारा पिनांसकट?

उसवलेली शिवण | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

बारा पिनांसकट.

कडक भाकरी | ९ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

अगं बाई. वाटीला दोन भोकं पाड आणि गळ्यात घाल आता.

सात रस्ता | ९ जानेवारी, रात्री ८:४५

मला हसू आलं हे कबूल करतो.

मदत म्हणून लिहितो. आमच्या नात्यात यंत्रमागाचा कारखाना आहे. चादरीचा डॅमेज माल कोपऱ्यात पडलेला असतो. छापा चुकला, धागा तुटून पट्टा आला, की ती चादर दुकानात जात नाही. पाहिजे असेल तर एखादी मिळवून देतो. फाडण्यासाठी नव्हे. अंगात घालायला काही शिवलंस तर हरकत नाही. तू चादरीला काय करणार ते तुझ्यावर.

मशीनमास्तर | ९ जानेवारी, रात्री ९:५५

चादरीचं बंडी-जॅकेट! बिनबाह्यांचं. करच.

कापायच्या आधी ऐक. सोलापुरी चादर जाड सूत आहे, कापली की कडा धाग्याधाग्याने सुटते, संध्याकाळपर्यंत निम्मं जॅकेट जमिनीवर. कापल्या कापल्या ओव्हरलॉक मारून आण. आमच्या भागात कुठल्याही युनिफॉर्मवाल्याकडे वीस-तीस रुपयांत होईल. घरच्या मशीनला १८ नंबरची सुई लाव, टाका मोठा ठेव. खांद्यावर चार थर एकत्र येतील तिथे पाय न मारता चाक हाताने फिरव. सुई मोडली तर तुकडा डोळ्यात उडतो, चष्मा घाल.

माप घ्यायला अवघड काही नाही. तुझं कुठलंही सैल टी-शर्ट चादरीवर पसर, चारी बाजूंनी दोन बोटं जास्त धरून खडूने आख. समोरून उघडं ठेव. बटणं नको, काजं करायला चादर ऐकत नाही. नाड्या बांध.

जुनी मिल | १० जानेवारी, सकाळी ७:२०

नाड्या बांधलेलं उघडं जॅकेट. मुली, दोन दिवसांनी गड्ड्याला नंदीध्वजामागची माणसं बाराबंदी घालून निघतील, ती बघ. बटण नसलेलं, बांधायचं वस्त्र कसं बसतं याचा याहून चांगला नमुना लंडनमध्येही नाही. (बाराबंदीची टिंगल नको, नुसती नाड्यांची जागा बघ.)

लंडनच्या पोरांनी स्कॉटलंडच्या टार्टनच्या चौकटी उचलल्या, कारण ते त्यांच्याकडचं घरंदाज कापड. तुझ्याकडचं घरंदाज कापड चादर आहे. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली, लग्नात आहेर म्हणून जाणारी. ती उलटी शिवून घातलीस तर कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

उसवलेली शिवण | ११ जानेवारी, रात्री १०:४०

@सात रस्ता, काका, तुम्ही दिलेल्या पत्त्यावर जाऊन आले. मालकांनी चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. चादर लाल-काळी आहे, मोराची. मोराची मान मध्येच तुटून दोन बोटं उजवीकडे सरकली आहे. तिथल्या मामांनी कारण दाखवलं. जकार्डवर, म्हणजे मागाच्या नक्षी पाडणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, बाण्याच्या (आडव्या) एका धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथे ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. माळ बांधताना पुठ्ठे पुढेमागे झाले की नक्षी तिथे मोडते. मग कुणाच्या लक्षात येईपर्यंत प्रत्येक चादरीत मोराची मान मोडत राहते.

बाबांना ती मान दाखवली. ते पहिल्यांदाच या सगळ्या प्रकरणात काही बोलले. "तीन-चार पुठ्ठे," एवढंच.

मी ठरवलंय की ती मान बरोबर पाठीवर, मधोमध घ्यायची.

बे दुणे | ११ जानेवारी, रात्री १०:५२

पाठीवर काहीतरी लिहायला पाहिजे. 'चिखल' लिही. माझी रॉयल्टी म्हणून एक भजी प्लेट.

उसवलेली शिवण | १३ जानेवारी, रात्री ११:३०

'चिखल' घेतलं. मोराच्या खाली काळ्या अस्तराच्या कापडावर छापून तो तुकडा शिवायचाय. पण स्टेन्सिल जमेना. पुठ्ठा कापला, रंग लावला, ओला होऊन फुगला, आणि 'च' चं पोट गळून पडलं. आता नुसता काळा गोळा दिसतोय. इंग्रजी अक्षरं सोपी आहेत, ती लिहू का?

नंबरप्लेट | १४ जानेवारी, सकाळी ११:०५

इतके दिवस नुसता वाचत होतो. पाट्या रंगवतो, म्हणून आता राहवेना. इंग्रजी लिहू नको.

पुठ्ठा फेकून दे. जुना एक्स-रे घे, प्रत्येकाच्या घरी कपाटावर पडलेला असतो. फिल्म भिजत नाही, कटरने लोण्यासारखी कापते, वीस वेळा वापरून पुसता येते. अक्षर कापताना ज्याला पोट आहे ते सुटणार: 'च' सुटतो, 'ख' मधला 'व' सुटतो. म्हणून पोटाला बाहेरच्या फिल्मशी जोडणारा काडीएवढा पूल सोडायचा. एक वर, एक खाली. एकाच बाजूला सोडलास तर रंग लावताना पोट उचललं जातं. 'ल' ला काही होत नाही. शिरोरेषा सलग कापू नको, फिल्म तिथे दुमडते. अक्षरागणिक तोड. तोडलेली रेघ दिसायलाही रांगडी दिसते.

रंग फॅब्रिकचा, पांढरा, पाणी न घालता. ब्रश ओढायचा नाही. स्पंजचा तुकडा घे, जवळपास कोरडा कर, वरून टिपत जा. दोन पातळ हात. एक दिवस वाळू दे, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरव.

वर्तमानपत्रातली वेगवेगळी अक्षरं कापून धमकीपत्रासारखं केलं तरी चालेल. जेमी रीड नावाच्या चित्रकाराने सेक्स पिस्टल्स या पंक बँडसाठी तसलंच केलं होतं. मराठीत मात्र मात्रा-वेलांट्या जुळवताना वेड लागतं, हे अनुभवाने सांगतो.

उसवलेली शिवण | १७ जानेवारी, रात्री ११:५०

झालं! अव्वाच्या गुडघ्याचा एक्स-रे कामी आला. तिने आधी विचारलं, "यातून गुडघा दिसेल का?" नाही म्हटल्यावर दिला.

तुकडा मी मशीनवर शिवला होता. अव्वाने बघितला, काही न बोलता उसवला, आणि बोंतेचा टाका घातला. लाल दोरा, तांदळाएवढे टाके, चारी बाजूंनी तीन-तीन ओळी. परदेशातली पोरं हे तुकडे दात साफ करायच्या दोऱ्याने शिवतात असं वाचलं होतं, पक्कं बसतं म्हणून. अव्वाचं बघून त्यांनी दात घासावेत.

मग ती थांबेना. उरलेल्या चिंध्यांचे अजून पाच तुकडे लावले. एकावर मी 'डॅमेज पीस' छापलं, चादरीवर शिक्का असतो तसं. एकावर 'सेकंड'. बाकीचे तीन तिचे आहेत, त्यावर काही लिहायचं नाही असं तिने सांगितलंय. एक तिच्या लग्नातल्या साडीचा काठ आहे.

खर्चाचा हिशोब असा: बूट १५०, रिपीट ६०, साखळी ८०, रेक्झिन आणि टिचबटणं ३०, दोन रंगांच्या बाटल्या ७०, पिना ४०, ओव्हरलॉक ३०, सुया २०, शाळेचा टाय ४०. जीन्स गेल्यामुळे जुन्या कपड्यांच्या ढिगातून काळी पँट १००. एकूण ६२०. टाय उलटा, गाठ छातीवर. भावाचा पांढरा शर्ट आत आहे, रंगवला नाही मास्तर, फक्त कॉलर कापली.

उरलेले १८० ड्रमरला दिले. त्याच्याकडे फक्त क्रिकेटचा ट्रॅकसूट होता.

सात रस्ता | १८ जानेवारी, सकाळी ८:३०

फोटो पाहिला. शिवण उत्तम आहे. आजींना नमस्कार सांगावा.

मान मोडलेला मोर मुद्दाम पाठीवर घेतला हे अजून मनाला पटत नाही. पण तो डाग लपवला नाही, हेही खरं. ज्याच्या मागावर मोडली त्याला फोटो पाठवलाय. तो दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरतोय.

ब्रेकफेल | १८ जानेवारी, सकाळी ९:००

साखळी पातळ घेतली ना?

उसवलेली शिवण | २५ जानेवारी, दुपारी १२:१०

काल झालं.

निवेदिका मुलीच्या कागदावर 'पंक ग्रुप' लिहिलं होतं. तिला ते टायपिंगची चूक वाटली. म्हणून माइकवर, अत्यंत प्रेमाने, "आता आपल्यासमोर येत आहे, पंकज ग्रुप!" समोरच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं नाव पंकज असावं.

पहिलं गाणं चांगलं गेलं. दुसऱ्यात साखळी माइकच्या वायरीत अडकली. पातळ घेतली होती दादा, तरी अडकली. मी गात गात सोडवत होते, ड्रमरला वाटलं मुद्दाम चाललंय, त्याने थांबायचं तिथे अजून जोरात वाजवलं. गाणं दोनऐवजी साडेचार मिनिटं चाललं. तिसऱ्याला वेळच उरला नाही.

उकडलं खूप. जानेवारीत, रात्री आठला. स्टेजवरचे दिवे आणि अंगावर सोलापुरी चादर. मे महिन्यात हे घालून कुणी गाऊन दाखवलं तर त्याला माझ्यातर्फे वाटी.

आई आली होती. पाठ फिरवली तेव्हा शेजारच्या बाईंना सांगत होती, "तो लाल टाका आमच्या सासूबाईंचा." जीन्सबद्दल तिने अजून माफी मागितलेली नाही.

जुनी मिल | २५ जानेवारी, दुपारी १:००

साडेचार मिनिटं चाललेलं गाणंच सगळ्यांच्या लक्षात राहील बघ. तिसरं पुढच्या वेळी.

बे दुणे | २५ जानेवारी, दुपारी १:०४

भजी प्लेट.

उसवलेली शिवण | २५ जानेवारी, रात्री ९:३०

देते. मास्तर, एक शेवटचं. जॅकेट घामाने भिजून वाळलंय, कडक झालंय. धुवायचं कसं?

मशीनमास्तर | २५ जानेवारी, रात्री १०:१५

पहिल्या पाण्याला लाल रंग सुटेल, वेगळं धू. गार पाणी, थोडं मीठ, घासायचं नाही, पिळायचं नाही. सावलीत आडवं वाळव, दोरीवर टांगलंस तर वजनाने खांदे लोंबतील. आणि आधी सगळ्या पिना काढ. गंजाचा डाग सहजासहजी जात नाही.

उसवलेली शिवण | २५ जानेवारी, रात्री १०:१७

एकशे चौदा आहेत मास्तर.

मशीनमास्तर | २५ जानेवारी, रात्री १०:२०

मग अव्वाला बरोबर घेऊन बस. आणि वाळत घातल्यावर दुपारी घरीच थांब.